‘तू नुसते ओठ हलव’ असे ज्यांना सांगितले जाते, त्या मुलांसाठी: कोकणातील शाळाचालकांना खुले पत्र

कोकण किनारपट्टीवरील शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होईल. स्वागतगीतासाठी आणि समूहगानासाठी मुले निवडली जातील, आणि वर्गावर्गांतून ‘चांगल्या गळ्याची’ दहाबारा मुले बाजूला काढून उरलेल्यांना परत बाकांवर पाठवले जाईल. काही ठिकाणी रंगमंच भरलेला दिसावा म्हणून उरलेल्यांनाही मागच्या रांगेत उभे करतात. पण त्यांना आधीच बजावलेले असते, की तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकदा असे सांगितले की ते त्याच्या मनात घर करते. पुढे चाळिशीत ती व्यक्ती आरतीलाही टाळ्याच वाजवत उभी राहते आणि विचारले तर सांगते, ‘मला गळा नाही.’ रत्नागिरीतल्या आमच्या हौशी गायनवृंदात येऊ पाहणारी बहुतेक माणसे पहिल्या भेटीत हेच वाक्य उच्चारतात, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. यंदापासून आपल्या शाळेच्या समूहगानातून एकाही मुलाला वगळू नये आणि कोणालाही गप्प उभे करू नये, एवढीच माझी मागणी आहे. ती पार पाडायला लागणारे साहाय्य करण्याची आमची तयारी आहे.

आमचा वृंद हौशी गायकांचा आहे. त्यात शिक्षिका आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, परिचारिका, एसटीचे वाहक, आंबा बागायतदार आणि महाविद्यालयातली मुले-मुली आहेत. मी स्वतः आल्टो, म्हणजे स्त्रियांच्या खालच्या पट्टीतला भाग गाते आणि शाळाभेटींचे काम पाहते. आमच्या तालमी कोकणाच्या हिशेबाने चालतात. गणपतीत प्रत्येक जण आपापल्या वाडीतल्या भजनात अडकलेला असतो, शिमग्यात पालखी असते, आणि एकदा हापूस उतरायला लागला की बागायतदार मंडळी जूनपर्यंत दिसत नाहीत. त्यामुळे नवरात्र संपल्यापासून माघापर्यंतचे दिवस हाच आमचा हंगाम. त्या हंगामाच्या शेवटी आम्ही एक मोठी मैफल करतो. तिच्यात अभंग असतात, कोकणी मांडो असतो, आणि गोव्याहून व मुंबईहून येणाऱ्या व्हायोलिन-चेलोवादकांच्या साथीने पाश्चात्त्य वृंदसंगीतातली एखादी रचना असते.

सिंफनीच्या, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या मोठ्या, वाद्यवृंदासोबत गाणारा वृंद हा प्रकार आपल्याकडे थोडा अपरिचित आहे. त्याची रचना मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण माझ्या मागणीचा आधार तिथेच आहे. अशा वृंदाला साठ-सत्तर वाद्यांच्या मागे उभे राहून, ध्वनिक्षेपकाविना, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे असते. तेवढा आवाज चार तयारीच्या गळ्यांतून निघत नाही. तो शंभर साध्या गळ्यांनी एकाच वेळी एकच स्वर लावल्याने निघतो. उलट मैफलीत गाजलेला, हरकती-मुरक्यांनी सजलेला गळा वृंदात वेगळा पडतो आणि त्याला स्वतःला आवरून घ्यावे लागते. जो आवाज एकट्याने गाताना सामान्य वाटतो, काहीसा पातळ किंवा बिनरंगाचा वाटतो, तो शेजारच्या वीस आवाजांत सहज मिसळतो आणि वृंदाला असेच आवाज हवे असतात. आपल्या शाळांमध्ये निवड करताना नेमक्या याच मुलांना बाकावर पाठवले जाते.

हे संगीत दरबारी कलावंतांपुरते कधीच राहिले नाही. संगीतकार हँडेलच्या ‘मसीहा’ या वृंदगायनाच्या मोठ्या रचनेचा पहिला प्रयोग 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनमध्ये झाला तो धर्मादाय कामासाठी, कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांची सुटका आणि शहरातली रुग्णालये यांच्यासाठी त्यातून पैसा उभा राहिला. पुढच्या शतकात इंग्लंडच्या गिरणीगावांमधून कामगारांचे वृंद उभे राहिले. हडर्सफील्डचा वृंद 1836 पासून आजतागायत गातो आहे. यांपैकी अनेकांना पाश्चात्त्य सुरलिपी वाचता येत नव्हती. नॉर्विचच्या सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेने मुलांसाठी एक सोपी पद्धत बसवली होती आणि जॉन कर्वेन यांनी 1841 नंतर तिचा प्रसार केला. त्या पद्धतीत ‘डो’ कोणत्याही पट्टीवर धरता येतो आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखायचे असतात. आपला षड्जही असाच असतो. कोणी तो काळी एकला धरतो, कोणी पांढरी पाचला, आणि गंधार दोघांचाही गंधारच राहतो. इंग्लंडला जी सोय मुद्दाम घडवावी लागली, ती आपल्याकडे सारेगमच्या रूपाने आधीपासून आहे, आणि वाडीतल्या भजनात बसणाऱ्या मुलाला ती कानाने येतेही.

जपानमधले एक उदाहरण मला फार जवळचे वाटते. शिकोकू बेटावरच्या नारुतो येथे, बांदोच्या युद्धकैद्यांच्या छावणीत, 1 जून 1918 रोजी जर्मन कैद्यांनी बेथोवेनची नववी सिंफनी सादर केली. आशियातला या कृतीचा तो पहिला पूर्ण प्रयोग मानला जातो. या सिंफनीच्या चौथ्या भागात चार आवाजांचा मोठा वृंद लागतो आणि छावणीत एकही स्त्री नव्हती, म्हणून कैद्यांनी स्त्रियांचे भाग पुरुषांच्या आवाजांसाठी बेतून घेतले. आज त्याच देशात ओसाका शहरात 1983 पासून दर डिसेंबरला सुमारे दहा हजार माणसे एकत्र येऊन ही रचना गातात आणि त्यातली बहुसंख्य हौशी असतात. आमची अडचण बांदोच्या उलट आहे. कोकणातले विशी-पंचविशीतले तरुण नोकरीसाठी मुंबई-पुण्याला जातात, त्यामुळे टेनर म्हणजे पुरुषांचा वरचा भाग गाणारे आम्हाला सतत कमी पडतात. तो भाग आमच्याकडे खालच्या पट्टीच्या काही बायका गातात. जी माणसे हाताशी आहेत त्यांच्याकडून गाणे उभे करायचे, ही वृंदगायनाची जुनी रीत आहे, आणि पटसंख्या रोडावलेल्या आपल्या शाळांना ती तंतोतंत लागू पडते.

आपल्या देशातही हे काम झालेले आहे. मुंबईत परांजोती अकादमीचा वृंद 1956 पासून गातो, कोलकात्यात रुमा गुहा ठाकुरता यांनी 1958 मध्ये यूथ क्वायर सुरू केले, मद्रासमध्ये एम. बी. श्रीनिवासन यांनी भारतीय भाषांतील गाणी अनेक आवाजांत बसवून तरुणांचा वृंद घडवला आणि शाळांतील समूहगानासाठी शिक्षकांना तयार करण्यात आपली बरीच वर्षे घातली. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या पाठशाळांमध्ये लहान मुलांना सुरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतले कितीतरी वादक त्या शिक्षणातून आले, आणि त्यांच्यापैकीच एक, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, यांनी 1958 मध्ये मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभा करून भारतीय रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. उत्तरेकडे वसईच्या चर्चमधून आजही मराठी भक्तिगीते म्हटली जातात. मराठीत ख्रिस्ती उपासनागीतांचा मोठा ठेवा निर्माण करणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. तेव्हा ‘हे आपले नाही’ असा आक्षेप कोणी घेतला, तर मी त्यांना आपल्या किनाऱ्याकडेच पाहायला सांगेन. नमनात आणि भजनातसुद्धा बुवांनी ओळ टाकली की मागचा कोरस ती उचलतो, आणि त्या कोरसमध्ये कोणाचीही परीक्षा घेऊन निवड झालेली नसते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण उत्साहाच्या भरात ती विसरली जाते. प्रत्येक मराठी गाण्याखाली पाश्चात्त्य पद्धतीचे कॉर्ड भरू नयेत. रागात बांधलेल्या अभंगाची चाल मिंडेने, कणस्वराने पुढे सरकते. तिच्याखाली दर मात्रेला बदलणारे स्वरसमूह ठेवले की रागाचा चेहरा पुसला जातो. अशा गाण्याला अर्ध्या मुलांनी षड्ज-पंचम धरून ठेवणे आणि अर्ध्यांनी चाल म्हणणे पुरते, आणि ते अतिशय सुंदर लागते. चार आवाजांची खरी बांधणी ज्या गाण्यांत मुळापासून आहे, त्यांतूनच ती शिकवावी.

आता शाळाभेटीत आम्ही काय करतो ते सांगते. आम्ही कार्यक्रम करायला येत नाही, व्यासपीठ आणि हारतुरे नकोत असे आधीच कळवतो, आणि एका वर्गात जाऊन बसतो. सुरुवातीला पेटी बंद असते. कोकणातल्या पावसाळी हवेत पेट्यांचे सूर हलतात, भाता सर्दावतो, आणि मुले त्या सुरांच्या मागे फरफटत जातात. शिवाय चांगली लावलेली पेटीही गंधाराच्या बाबतीत थोडी चुकीचेच सांगते. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे 100 भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधाराहून सुमारे 14 भाग चढा असतो. म्हणून आम्ही तंबोरा लावतो, आणि खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मुलांना शोधायला सांगतो. पहिली काही मिनिटे कोणालाच तो ऐकू येत नाही. मग मागच्या बाकावरचे एखादे मूल हात वर करते, तो गंधार हलकेच गुणगुणते, आणि सगळा वर्ग त्याच्याकडे वळून पाहतो. बहुतेक वेळा हे मूल निवडलेल्या दहाबारांतले नसते.

त्यानंतर श्वासाचा खेळ असतो. तीस मुलांनी एक ‘सा’ दोन मिनिटे न तोडता धरायचा. एकट्या मुलाचा श्वास वीस सेकंदांत संपतो. पण शेजारी गात असताना आपण चोरून श्वास घ्यायचा आणि आवाज न वाढवता पुन्हा स्वरात शिरायचे, हे कळले की स्वर कुठेही तुटत नाही. मुलांना हे जादूसारखे वाटते, आणि या खेळाला प्रत्येक मूल लागते. पाच मुले गप्प राहिली तर राहिलेल्यांचा दम लवकर सरतो आणि वर्गाला तो फरक लगेच ऐकू येतो. मग एकच ओळ दोन गटांनी एकामागून एक सुरू करायची, आणि तिथून पुढे दोन वेगवेगळ्या ओळी. शेजारच्या गटाची ओळ कानावर येत असताना आपली ओळ सोडायची नाही, हे वरवर सोपे दिसते. मोठ्या माणसांनाही त्याला कित्येक तालमी लागतात.

सर्वांत जास्त मला आठवी-नववीच्या मुलग्यांविषयी बोलायचे आहे. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो, आणि मधले काही महिने तो कधी वर तर कधी खाली घसरतो. कालपर्यंत प्रार्थनेला पुढे उभा राहणारा मुलगा एका सहामाहीत ‘बेसूर’ ठरतो. वर्ग हसतो आणि तो मुलगा गाणे कायमचे सोडतो. आमच्या वृंदात पुरुष कमी का, याचे एक कारण मुंबईची नोकरी आहे. दुसरे, माझ्या मते अधिक मोठे, कारण या वयात शाळेत होणारी ही हानी आहे. ती टाळता येते. आवाज फुटत असताना मुलाच्या हाती पाच-सहाच स्वर भरवशाचे राहतात, पण तेवढ्या स्वरांत बसणारी खालची ओळ त्याच्यासाठी सहज लिहिता येते. एका माध्यमिक शाळेत अशा चार मुलग्यांना आम्ही केवळ मंद्रातला पंचम आणि षड्ज दिला होता. बाकीचा वर्ग वर अभंग म्हणत होता. त्यांच्यातला सर्वांत उंच मुलगा आधी खिडकीबाहेर पाहत, ओठ मिटून उभा होता. तिसऱ्या आवर्तनाला त्याचा षड्ज लागला आणि बाकाची फळी त्याच्या तळहाताखाली थरथरली. त्याने हात उचलून फळीकडे पाहिले, पुन्हा ठेवला, आणि तास संपेपर्यंत तो स्वर सोडला नाही. त्या शाळेच्या शिक्षिकांनी नंतर सांगितले, की ही ‘न गाणारी’ मुले आहेत.

यासाठी आपण काय करावे, हे आता व्यवहाराच्या भाषेत लिहिते. वेगळी तासिका मिळणे कठीण आहे, याची मला कल्पना आहे. अनेक शाळांत संगीतशिक्षकच नाहीत. पण परिपाठ प्रत्येक शाळेत रोज होतो, आणि राष्ट्रगीत, 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत, प्रार्थना आणि समूहगीत असे सगळे त्यात सर्व मुले मिळूनच म्हणतात. त्यातली पाच मिनिटे खऱ्या अर्थाने गाण्यासाठी द्यावीत. मुलांना झेपेल अशी पट्टी आधी ठरवून घ्यावी. गुरुजींच्या गळ्याच्या सोयीने पट्टी धरली की वरच्या स्वरांवर मुले ओरडतात आणि त्या ओरडण्यालाच पुढे जोश म्हटले जाते. मोठ्या ध्वनिक्षेपकाची गरज नाही. आठवड्यातून एक दिवस षड्ज धरणे, एक दिवस दोन गटांत गाणे, एवढ्यानेही सहा महिन्यांत मुलांच्या कानात फरक पडतो. ज्या शिक्षकांना इच्छा आहे पण धीर होत नाही, त्यांच्यासाठी केंद्र पातळीवर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेण्याची आमची तयारी आहे, आणि त्यासाठी आम्ही मानधन घेत नाही.

वाडीवस्तीवरच्या ज्या शाळांत सगळी मिळून दहा-पंधरा मुले आहेत, तिथे वृंद उभा राहणार नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा तीन-चार शाळांनी केंद्रशाळेत एकत्र यावे. प्रत्येक शाळेने आपली ओळ आपल्याकडे पाठ करावी आणि केंद्रात भेटल्यावर त्या ओळी एकमेकींवर ठेवाव्यात. आपल्या शाळेच्या मुलांना ठाऊक नसलेली ओळ पलीकडच्या वाडीतली मुले गातात आणि दोन्ही मिळून गाणे होते, हा अनुभव मुलांना स्पर्धेत मिळत नाही. स्पर्धांविषयीही एक विनंती आहे. अनेक समूहगान स्पर्धांच्या नियमांत गायकांच्या संख्येला वरची मर्यादा असते, आणि मुले गाळण्याची सुरुवात तिथूनच होते. आपल्यापैकी जे अशा स्पर्धांचे आयोजन करतात त्यांनी ही मर्यादा काढून टाकावी, किंवा पूर्ण वर्गाने गाण्याचा एक स्वतंत्र गट ठेवावा.

मैफलीच्या आदल्या दिवशी आमची वाद्यवृंदासह रंगीत तालीम होते. ती दुपारी असते आणि विद्यार्थ्यांना मोफत खुली असते. तिथे मुलांना चेलो हात लावून पाहता येतो, टिंपनीचा, म्हणजे नगाऱ्यासारख्या मोठ्या वाद्याचा, सूर कसा बदलतात ते कळते, चुकलेली जागा थांबवून पुन्हा घेतलेली ऐकता येते. माझ्या मते मैफलीपेक्षा मुलांसाठी ही तालीमच अधिक मोलाची आहे. अडचण एकच येते, ती एसटीची. दुपारची गाडी चुकली की दुर्गम गावांतली मुले घरी पोहोचायला रात्र होते, आणि पालक साहजिकच पाठवत नाहीत. संस्थांनी सहलीच्या आखणीतच या तालमीचा दिवस धरला, तर हा प्रश्न सुटेल. आणि ज्या संस्थांकडे सभागृह आहे त्यांनी हंगामात आठवड्यातून दोन संध्याकाळी ते तालमीसाठी उघडे ठेवावे. भाड्यापायी एका संस्थेचे दार आम्हाला यापूर्वी बंद झाले. तालमी मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये घ्याव्या लागल्या आणि वयस्कर सभासदांनी येणे सोडले. ज्या शाळेत आम्ही तालीम करू, तिथल्या कोणत्याही विद्यार्थ्याला मागे बसून ऐकण्याची आणि तयारी झाली की सोबत गाण्याची मुभा राहील.

अभ्यास बुडेल ही पालकांची काळजी मी हलकी मानत नाही, पण परिपाठातल्या पाच मिनिटांनी अभ्यास बुडत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये कलाशिक्षण इतर विषयांशी जोडण्यावर भर आहेच. समूहगानाइतके कमी खर्चाचे कलाशिक्षण दुसरे नाही, त्याला रंग लागत नाहीत, वाद्ये लागत नाहीत, इमारत लागत नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या आठवड्यात, स्नेहसंमेलनाची यादी करायला बसण्यापूर्वी, आपल्या संगीत किंवा वर्गशिक्षकांना एकत्र बोलावून हे पत्र वाचून दाखवावे आणि यंदाच्या समूहगीतात संपूर्ण वर्ग गाईल असे सांगावे, ही विनंती. ज्या शाळा नोव्हेंबर अखेरीपर्यंत असा निर्णय घेतील, त्यांच्याकडे डिसेंबर-जानेवारीत येऊन मुलांच्या आवाजांनुसार ओळी बेतून देण्याचे काम आमचा वृंद करील. फुटलेल्या आवाजाच्या मुलग्यांची नावे तेवढी आधी लिहून ठेवावीत. त्यांच्यापासून आम्ही सुरुवात करू.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
रत्नागिरीतील हौशी समूहगायन वृंदाची एक सभासद